मोठ्या आतड्याचा कर्करोग: सौम्य परीक्षांची वाटचाल

मोठे आतडे ही सुमारे दीड मीटर लांबीची स्नायूंची नळी आहे. लहान आतड्यात अन्नरसाचे शोषण झाल्यावर उरलेला द्रवरूप भाग या नळीत येतो. तेथे त्यातील पाणी शोषले जाते आणि घट्ट झालेला मळ गुदाशयात साठून यथाकाल बाहेर पडतो. या नळीच्या आतील अस्तराच्या पेशी अल्पायुषी असतात. चार-पाच दिवसांत त्या झडतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. पेशींचे विभाजन जन्मभर इतक्या वेगाने चालू असता एखाद्या पेशीच्या जनुकांत चूक राहून जाणे अस्वाभाविक नाही. बहुतेक चुका निरुपद्रवी ठरतात किंवा सदोष पेशीच मरून जाते. काही थोड्या पेशी मात्र तगून राहतात, आणि मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचा आरंभ त्यांच्यापासून होतो.

२०२२ साली जगात या रोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने दगावली. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत फुप्फुसाच्या कर्करोगाखालोखाल याचाच क्रमांक लागतो. तथापि, फार थोड्या कर्करोगांच्या बाबतीत आढळणारी एक अनुकूल गोष्ट या रोगात आहे. ती म्हणजे त्याची मंद चाल. प्रथम आतड्याच्या अस्तरावर मशीसारखी किंवा लहानशा छत्रीसारखी एक वाढ दिसू लागते. तिला पॉलिप म्हणतात. पॉलिपांचे काही प्रकार, विशेषतः ग्रंथींच्या पेशींपासून वाढणारे, पुढे कर्करोगाचे रूप घेऊ शकतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बर्ट व्होगेलस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसून आले की, हे रूपांतर एका झटक्यात होत नाही; एकामागून एक अशा अनेक जनुकीय बदलांची मालिका त्यासाठी पूर्ण व्हावी लागते. या प्रवासाला सामान्यतः १० वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. बहुसंख्य पॉलिप तर कधीच कर्करोगापर्यंत पोहोचत नाहीत.

या दहा वर्षांत रोग्याला कसलाही त्रास जाणवत नाही. वेदना, वजनातील घट किंवा शौचाच्या सवयीतील बदल ही लक्षणे पुष्कळदा उशिरा दिसतात. रोग आतड्याच्या भिंतीपुरता मर्यादित असताना सापडला तर ५ वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ९० च्या आसपास असते. यकृतासारख्या दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तर ते शेकडा १५ च्या आसपास उतरते, असे अमेरिकेतील नोंदी सांगतात. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की ज्याला काहीही होत नाही असे वाटते अशा माणसाच्या आतड्यात काय चालले आहे, हे त्याला फारसा त्रास न देता कसे जाणून घ्यावे?

दर्शकनळीचा मार्ग

आतड्यात प्रत्यक्ष डोकावून पाहणे हा सर्वांत सरळ मार्ग होय. परंतु वळणावळणाच्या नळीतून प्रकाश आणि प्रतिमा नेणार कशी, ही अडचण दीर्घकाळ सुटली नव्हती. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. केसासारख्या बारीक काचतंतूंची जुडी वाकवली तरी तिच्यातून प्रतिमा अखंड पलीकडे पोहोचते, हे त्यांनी त्यात दाखवून दिले होते. १९५७ साली बॅसिल हर्शोविट्झ यांनी अमेरिकेत या तत्त्वावर जठर पाहण्याचे लवचीक उपकरण तयार केले. पुढे मोठ्या आतड्यासाठी अधिक लांब नळ्या आल्या, आणि १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ व हिरोमी शिन्या यांनी अशा नळीतून तारेचा फास सोडून पॉलिप कापून काढण्यास प्रारंभ केला. पोट न उघडता कर्करोगाचे मूळच काढून टाकण्याची ही सोय वैद्यकाच्या दृष्टीने फार मोठी होती.

ही तपासणी कोलोनोस्कोपी या नावाने आता सर्वपरिचित आहे. निदान आणि उपचार एकाच वेळी साधण्यात आजही तिची बरोबरी करणारी दुसरी रीत नाही. पण तिच्यासाठी माणसाला किंमतही मोजावी लागते. आदल्या दिवशी रेचक घेऊन आतडे पूर्ण रिकामे करावे लागते. बहुधा गुंगीचे औषध दिले जाते, त्यामुळे सोबतीला कोणीतरी लागते व कामाचा दिवस बुडतो. आतड्याला भोक पडणे किंवा रक्तस्राव होणे असे अपाय फार क्वचित घडतात. पण ते घडतच नाहीत असे म्हणता येत नाही. शिवाय प्रशिक्षित तज्ज्ञ आणि महागडे उपकरण लागते, ते वेगळेच. या सर्वांहून मोठा अडसर संकोचाचा आहे. ज्याची प्रकृती ठणठणीत आहे अशा माणसाला या परीक्षेसाठी राजी करणे कोणत्याही देशात सोपे गेलेले नाही. म्हणूनच आतड्यात न शिरता आतल्या गोष्टींचा माग काढण्याचे प्रयत्न गेली कित्येक दशके चालू आहेत.

झाडाच्या राळेची साक्ष

पॉलिप मोठा होऊ लागला की त्याच्यावरील नाजूक रक्तवाहिन्या सरकणाऱ्या मळाच्या घर्षणाने फुटतात आणि थोडे थोडे रक्त झिरपते. कर्करोगाची गाठही अशीच झिरपते. हे रक्त डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला गुप्त रक्त असे नाव पडले. ते ओळखण्याची जुनी युक्ती एका झाडाच्या राळेवर आधारलेली आहे. वेस्ट इंडीज बेटांवर वाढणाऱ्या गुआयाकम वृक्षाच्या राळेत रक्त मिसळून त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले, तर रक्तातील हीम या लोहयुक्त घटकामुळे प्राणवायूशी संयोग घडून निळा रंग उमटतो. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होती. परंतु तिचा उपयोग इस्पितळाच्या प्रयोगशाळेपुरताच होत असे.

ती घरोघरी नेण्याचे श्रेय अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डेव्हिड ग्रीगर या वैद्याकडे जाते. राळेचे द्रावण मुरवलेल्या कागदाच्या पट्ट्या त्यांनी आपल्या रुग्णांना घरी दिल्या. लागोपाठ काही दिवस मळाचा अल्पसा अंश पट्टीवर लावायचा आणि त्या पट्ट्या वैद्याकडे परत पाठवायच्या, एवढेच रुग्णाचे काम होते. कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांत या रीतीने कर्करोग आढळल्याचे त्यांनी १९६७ साली नमूद केले.

पट्टी निळी पडली म्हणजे रोग सापडला, आणि रोग सापडला म्हणजे माणूस वाचला, असे मानण्याचा मोह होतो. हे खरोखर घडते किंवा नाही याची कसोटी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने १९७५ साली आरंभलेल्या प्रयोगात लागली. ५० ते ८० वर्षे वयाच्या ४६,५५१ स्त्री-पुरुषांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट करण्यात आले. एका गटाची परीक्षा दरवर्षी, दुसऱ्याची दोन वर्षांनी आणि तिसऱ्याला केवळ नेहमीची वैद्यकीय सेवा, अशी योजना होती. १९९३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार १३ वर्षांत नियंत्रण गटात हजारी ८.८३ माणसे या कर्करोगाने दगावली. दरवर्षी परीक्षा झालेल्या गटात हा आकडा ५.८८ होता. म्हणजे मृत्यूंत एकतृतीयांश घट झाली. यानंतर इंग्लंडमधील नॉटिंगहॅम आणि डेन्मार्कमधील फ्यून येथील प्रयोगांचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. तेथे परीक्षा दोन वर्षांनी होत असे आणि घट तुलनेने कमी, अनुक्रमे शेकडा १५ व १८ भरली. पण दिशा तीच होती. काही पैशांच्या कागदी पट्टीने माणसांचे प्राण वाचू शकतात, हे अशा प्रकारे निर्विवाद सिद्ध झाले.

या पट्टीचे दोषही लपून राहिले नाहीत. तिला माणसाचे रक्त आणि जेवणातील मांसाचे रक्त यांत भेद करता येत नाही. मुळा, सलगम, फुलकोबी यांसारख्या भाज्यांतील विकरांमुळेही ती निळी पडू शकते. याउलट ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या असतील तर रक्त असूनही रंग उमटत नाही. म्हणून परीक्षेपूर्वी काही दिवस पथ्य पाळावे लागे, आणि पथ्याचे नाव काढताच पुष्कळजण मागे सरत.

प्रतिपिंडांची परीक्षा

ही उणीव पुढच्या परीक्षेने भरून काढली. मानवी हिमोग्लोबिनातील ग्लोबिन या प्रथिनालाच नेमके चिकटणारे प्रतिपिंड तयार करण्यात आले. ते बोकडाच्या किंवा गाईच्या रक्ताला ओळखत नाहीत, भाज्यांना तर नाहीच. आणखी एक लाभ असा की, जठरातून किंवा लहान आतड्याच्या आरंभी झालेल्या स्रावातील ग्लोबिन पचनाच्या ओघात विघटित होते. त्यामुळे या परीक्षेत आढळणारे रक्त बहुधा मोठ्या आतड्यातीलच असते. तिला संक्षेपाने ‘फिट’ म्हणतात. जपानने १९९२ साली राष्ट्रीय पातळीवर तिचा अवलंब केला. इंग्लंडने जुनी राळेची पट्टी सोडून २०१९ साली ती स्वीकारली.

परीक्षेची रीत अगदी सोपी आहे. टोपणाला जोडलेली एक खाचदार काडी मळात चार-सहा ठिकाणी टोचायची आणि द्रावण असलेल्या लहान नळीत बंद करून प्रयोगशाळेकडे पाठवायची. मळ पाण्यात पडण्यापूर्वीच नमुना घ्यावा लागतो, एवढी एकच खबरदारी. पथ्य नाही, रेचक नाही, रजा नाही. बहुतेक ठिकाणी एकच नमुना पुरतो. इंग्लंडमध्ये नव्या परीक्षेची चाचपणी झाली तेव्हा प्रतिसाद शेकडा ५९ वरून ६६ वर गेला. ज्या नेदरलँड्सने २०१४ पासून ही नळी टपालाने घरी पाठवण्याची व्यवस्था केली, तेथे आरंभीच्या वर्षांत निमंत्रितांपैकी शेकडा ७० हून अधिक माणसे ती भरून परत पाठवत असत.

जुनी पट्टी फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगत असे. ही परीक्षा यंत्रावर होते आणि दर ग्रॅम मळात किती मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन आहे हे आकड्याने सांगते. मग कितीच्या पुढे धोका मानायचा, हे ठरवावे लागते. नेदरलँड्सने आरंभी ही सीमा १५ मायक्रोग्रॅम ठेवली होती. परंतु अपेक्षेपेक्षा फारच अधिक लोकांना पुढील तपासणीसाठी पाठवावे लागू लागले, तेव्हा त्याच वर्षी ती ४७ वर नेण्यात आली. सीमा खाली आणली की अधिक पॉलिप सापडतात, पण कोलोनोस्कोपीची रांग लांबते. सीमा वर नेली की रांग आटोक्यात राहते, पण काही रोगी निसटतात. प्रयोगशाळेच्या कागदावरील ‘दोष आढळला नाही’ या शब्दांमागे असा एक सामाजिक निर्णय दडलेला असतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवणे इष्ट होय.

लक्षणे असलेल्या रुग्णांसाठीही या परीक्षेचा उपयोग होऊ लागला आहे. पोटात दुखणे किंवा शौचाच्या सवयी बदलणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कर्करोग असतो. इंग्लंडमध्ये २०२३ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा बहुतेक रुग्णांची आधी ‘फिट’ परीक्षा होते. येथे सीमा केवळ १० मायक्रोग्रॅम धरली जाते. त्याखाली आकडा आल्यास कर्करोगाची शक्यता अत्यल्प मानली जाते. तरीही तक्रार टिकून राहिली तर वैद्याने पाठपुरावा सोडू नये, असे बजावलेले आहे.

झडलेल्या पेशी काय सांगतात

पॉलिप नेहमीच रक्तस्राव करतो असे नाही. पण त्याच्या पेशी मात्र सतत झडत असतात, आणि त्या पेशींतील डीएनए मळाबरोबर बाहेर पडतो. १९९२ साली जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी मळातील डीएनएमध्ये कर्करोगाशी निगडित असा जनुकीय बदल ओळखून दाखवला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड आल्क्विस्ट यांनी या दिशेने पुढे अनेक वर्षे काम केले. त्यातून सिद्ध झालेल्या परीक्षेत काही जनुकीय बदल, डीएनएवर चिकटलेल्या मेथिल गटांच्या खुणा आणि ‘फिट’ या तिन्हींची सांगड घातलेली आहे. तिला २०१४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

त्याच वर्षी सुमारे १० हजार माणसांवरील तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांची कोलोनोस्कोपीही केलेली असल्याने खरे-खोटे पारखता आले. डीएनए परीक्षेने शंभरापैकी ९२ कर्करोग ओळखले, ‘फिट’ने ७४. मोठ्या, धोकादायक पॉलिपांच्या बाबतीत मात्र हे आकडे अनुक्रमे ४२ आणि २४ एवढेच होते. उलट बाजूने पाहता, ज्यांच्या आतड्यात तसे काही गंभीर नव्हते अशा शंभरापैकी सुमारे १३ जणांना डीएनए परीक्षेने विनाकारण संशयित ठरवले. ‘फिट’ने ५ जणांना.

या आकड्यांचा अर्थ एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होईल. १०,००० माणसांत ५० जणांना हा कर्करोग आहे असे समजू. ‘फिट’ त्यांपैकी ३७ जणांना पकडील आणि निरोगी माणसांतील सुमारे ५०० जणांना नाहक पुढे पाठवील. डीएनए परीक्षा ४६ जणांना पकडील, पण नाहक पाठवलेल्यांची संख्या १,३०० च्या घरात जाईल. म्हणजे ९ अधिक रोगी हाती लागण्यासाठी सुमारे ८०० अधिक कोलोनोस्कोपी कराव्या लागतील. ज्या देशात तज्ज्ञांची वाण नाही त्याला हा सौदा परवडेल. जेथे खऱ्या रुग्णालाच महिनोन्‌महिने थांबावे लागते तेथे तो महाग पडेल. शिवाय ‘फिट’ दरवर्षी किंवा दोन वर्षांनी पुन्हा करायची असते. रोगाची चाल मंद असल्याने एका वेळी निसटलेला पॉलिप पुढच्या खेपेस सापडण्याचा संभव पुष्कळ असतो.

रक्तातील खूण

मळाचा नमुना घेण्याचाही अनेकांना संकोच वाटतो. दंडातून थोडे रक्त काढून काम भागले तर ते कोणाला नको आहे? माँट्रियल येथील फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी संबंधित असे एक प्रथिन शोधून काढले. ‘सीईए’ या नावाने ते आज प्रत्येक रोगनिदान केंद्राला परिचित आहे. त्या काळी या प्रथिनाविषयी मोठ्या आशा होत्या. परंतु आरंभीच्या अवस्थेत ते पुष्कळदा वाढत नाही आणि धूम्रपानासारख्या अन्य कारणांनीही वाढते, असे दिसून आले. म्हणून निरोगी माणसांतून रोगी निवडण्यासाठी ते निरुपयोगी ठरले. शस्त्रक्रियेनंतर रोग उलटतो आहे काय यावर लक्ष ठेवण्यास मात्र ते आजही उपयोगी पडते. केवळ ‘सीईए’ प्रमाणात आहे म्हणून निर्धास्त राहणे ही मोठी चूक होईल.

अलीकडे रक्तात तरंगणारे डीएनएचे तुकडे तपासून कर्करोगाचा माग काढला जातो. अशा एका परीक्षेला २०२४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. तिने शंभरापैकी सुमारे ८३ कर्करोग ओळखले, ही गोष्ट नगण्य नव्हे. परंतु धोकादायक पॉलिपांपैकी तिला शेकडा १३ एवढेच ओळखता आले. याचे कारणही उघड आहे. पॉलिप अस्तरापुरता असतो; त्याच्या पेशी मळात झडतात, रक्तात क्वचितच शिरतात. येथे दोन हेतूंमधील भेद समजून घेतला पाहिजे. झालेला कर्करोग लवकर ओळखणे हा एक हेतू, आणि कर्करोग होऊच न देणे हा दुसरा. रक्ताची परीक्षा पहिल्या हेतूस बऱ्याच अंशी उतरते. दुसऱ्यासाठी ती अद्याप फार दुबळी आहे.

बाहेरून घेतलेले चित्र

आतड्यात बेरियम भरून क्ष-किरण छायाचित्र घेण्याची रीत जुनी आहे. तिची जागा पुढे सीटी यंत्राने घेतली. १९९४ साली अमेरिकेत डेव्हिड व्हायनिंग यांनी सीटीच्या असंख्य छेदचित्रांपासून संगणकाच्या साहाय्याने आतड्याच्या पोकळीचे घनाकृती चित्र उभे करून दाखवले. गुदद्वारातून थोडा वायू सोडून आतडे फुगवले जाते आणि काही मिनिटांत चित्रण आटोपते. गुंगीचे औषध लागत नाही. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठे पॉलिप ज्यांच्या आतड्यात होते अशा माणसांपैकी शेकडा ९० जण या रीतीने ओळखले गेल्याचे अमेरिकेतील अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. सपाट व लहान वाढी मात्र सुटू शकतात, आणि किरणोत्साराची मात्रा अल्प असली तरी असतेच.

दुसरी युक्ती गिळता येणाऱ्या कॅमेऱ्याची. इस्राएलमधील अभियंते गाव्रिएल इद्दान यांच्या कल्पनेतून तयार झालेल्या या उपकरणाची माहिती २००० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्या आतड्यासाठीची कुपी सुमारे तीन सेंटिमीटर लांब असून तिच्या दोन्ही टोकांना कॅमेरे असतात. वाटेत घेतलेली हजारो चित्रे ती कमरेला बांधलेल्या यंत्राकडे पाठवते आणि शेवटी मळाबरोबर बाहेर पडते. परंतु या दोन्ही रीतींत आतडे स्वच्छ करणे चुकत नाही. कुपीसाठी तर रेचक अधिकच घ्यावे लागते. आणि चित्रात पॉलिप दिसला तर तो काढण्यासाठी कोलोनोस्कोपी करावीच लागते.

परीक्षा आणि माणसे

मग सर्वांत चांगली परीक्षा कोणती? स्पेनमध्ये ५० ते ६९ वर्षे वयाच्या पन्नास हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या प्रयोगाने या प्रश्नाचे उत्तर शोधले. निम्म्या लोकांना एकदा कोलोनोस्कोपीसाठी बोलावले, निम्म्यांना दर दोन वर्षांनी ‘फिट’साठी. २०१२ साली पहिल्या फेरीचे निष्कर्ष आले. कोलोनोस्कोपीला सुमारे शेकडा २५ लोक राजी झाले होते, ‘फिट’ला ३४, आणि दोन्ही गटांत सापडलेल्या कर्करोगांची संख्या जवळपास सारखीच, ३० व ३३ होती. १० वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा या कर्करोगाने मरण पावलेल्यांचे प्रमाण कोलोनोस्कोपीच्या गटात शेकडा ०.२२ आणि ‘फिट’च्या गटात ०.२४ होते. तीक्ष्ण परीक्षेची उणीव जणू लोकांच्या अनिच्छेने निर्माण केली आणि सौम्य परीक्षेची उणीव लोकांच्या सहकार्याने भरून काढली.

परंतु या कथेचा उत्तरार्ध तितकाच महत्त्वाचा आहे. सौम्य परीक्षा रोग बरा करीत नाही. कोणाच्या आतड्यात डोकावणे आवश्यक आहे, एवढेच ती सांगते. इटलीच्या व्हेनेतो प्रांतात ‘फिट’मध्ये रक्त आढळूनही काहींनी पुढची कोलोनोस्कोपी टाळली. ती करून घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात या कर्करोगाने मरण्याचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. ‘मूळव्याधीचे रक्त असेल’ किंवा ‘पुन्हा एकदा तीच परीक्षा करून पाहू’ असे म्हणून वेळ काढणे म्हणजे रोगाने दिलेली दहा वर्षांची मुदत आपल्या हाताने संपवणे होय.

भारतातील प्रश्न

भारतात या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे. शासनाच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या ३ कर्करोगांच्या तपासणीचा समावेश आहे. मोठ्या आतड्याचा त्यात नाही. रोगाचे प्रमाण कमी असलेल्या समाजात सरसकट परीक्षा केली तर नाहक संशयितांची संख्या खऱ्या रोग्यांच्या मानाने फार वाढते, हे वर केलेल्या हिशेबावरून सहज कळेल. आव, मूळव्याध, गुदद्वाराच्या चिरा या आपल्याकडील नित्याच्या तक्रारी आहेत, आणि त्यांतूनही रक्त जाते. हवामानाचाही प्रश्न आहे. नळीतील हिमोग्लोबिन उष्णतेने नष्ट होऊ लागते. इटलीतील फ्लॉरेन्स येथेही उन्हाळ्यात पाठवलेल्या नमुन्यांत त्याचे प्रमाण घटलेले आढळले होते. मग वैशाखातील टपालाच्या थैलीत ते किती टिकेल याचा विचार कोणत्याही योजनेला आधी करावा लागेल.

तथापि, निश्चिंत राहण्यासारखी स्थिती नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांचे सरासरी वय सुमारे ४७ वर्षे आढळले. पाश्चात्त्य देशांत परीक्षा दीर्घकाळ पन्नाशीला सुरू होत असे; अमेरिकेने २०२१ साली ही मर्यादा ४५ वर आणली. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा रोग झाला आहे त्यांनी याहूनही लवकर वैद्याचा सल्ला घ्यावा, आणि त्यांच्यासाठी बहुधा थेट कोलोनोस्कोपीच योग्य ठरते.

आपल्याकडे आज तरी सर्वांत मोठा विलंब यंत्रांच्या अभावापेक्षा शब्दांच्या अभावामुळे होतो. शौचातून रक्त जाते ही गोष्ट घरातही बोलली जात नाही. स्त्रिया ती अधिकच लपवतात. कधी मूळव्याध म्हणून औषधविक्रेत्याकडून मलम आणले जाते, कधी अशक्तपणा म्हणून महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या जातात. रक्तातील लोह का घटले, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाला शौचातून रक्त जात असेल, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल झाला असेल किंवा उघड कारणाविना रक्तक्षय झाला असेल, तर मूळव्याध असली तरीही तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

राळेच्या पट्टीपासून रक्तातील डीएनएच्या तुकड्यांपर्यंत झालेल्या या वाटचालीत माणसाच्या शरीरात शिरण्याची गरज पायरीपायरीने कमी होत गेली. ती पूर्णपणे नाहीशी झालेली नाही आणि नजीकच्या काळात होईल असेही दिसत नाही. पण ज्याला नळीची भीती वाटते अशा माणसाला आज बोटभर नळीएवढे किंवा कागदाच्या पाकिटाएवढे सोपे असे पहिले पाऊल उपलब्ध आहे. ते पाऊल उचलल्यावर दुसरे टाळू नये, एवढे पथ्य मात्र या परीक्षांना आहे.